बिझनेस क्लासचं तिकीट काढलं, तरी इमिग्रेशनला रांग?

पहिल्यांदा बिझनेस क्लासने निघालो तेव्हा विमानतळावरचा पहिला अर्धा तास अगदी थाटात गेला. चेक-इनला रांग नाही, बॅगेवर 'प्रायॉरिटी'चा बिल्ला, प्रत्येक वाक्याला 'सर'. मग एक कोपरा वळलो आणि समोर तीनशे माणसांची नागमोडी रांग. पुढे आखातात कामाला निघालेली पोरं, मागे नातवाच्या बारशाला अमेरिकेला चाललेले आजी-आजोबा. माझ्या बोर्डिंग पासवर ठळक अक्षरांत 'बिझनेस' छापलेलं होतं आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

बघणार तरी का? तिकिटाचे पैसे घेते विमान कंपनी. इमिग्रेशनच्या काउंटरवर बसलेला अधिकारी असतो गृह मंत्रालयाच्या ब्यूरो ऑफ इमिग्रेशनचा. सुरक्षा तपासणी सीआयएसएफची, कस्टम्स अर्थ मंत्रालयाचं. एकाच छपराखाली चार वेगळी खाती. विमान कंपनी तिच्या हातात आहे तेवढंच देऊ शकते: चेक-इन, लाउंज, आधी बोर्डिंग, आधी बॅग, बऱ्याच ठिकाणी सुरक्षा तपासणीची वेगळी रांग. काही विमानतळांवर इमिग्रेशनलाही प्रीमियम प्रवाशांसाठी काउंटर राखून ठेवतात, पण तिथे माणूस बसलेला असेलच याची खात्री कुणी देत नाही. म्हणून ही रांग चुकवायची असेल तर विमानतळावर पोचल्यावर काही करता येत नाही. जे करायचं ते महिनाभर आधी, घरी बसून. ते कसं करायचं ते सांगतो.

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरतो, कारण हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. 'माझ्याकडे डिजियात्रा आहे, मग झालं ना?' नाही झालं. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेली डिजियात्रा देशांतर्गत प्रवासासाठी आहे. ती चेहरा बघून तुम्हाला विमानतळाच्या दारातून आणि सुरक्षा तपासणीपर्यंत नेते. इमिग्रेशनशी तिचा काही संबंध नाही. तुम्हाला हवी आहे ती योजना वेगळी, तिचं नाव लांबलचक: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन – ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्रॅम. सरकारी कागदांत एफटीआय-टीटीपी. आधी नोंदणी केलेल्या प्रवाशांना इमिग्रेशनच्या रांगेऐवजी ई-गेटमधून, म्हणजे चेहरा ओळखून आपोआप उघडणाऱ्या गेटमधून, सोडणारी ही योजना.

ही योजना २२ जून २०२४ ला दिल्लीच्या टर्मिनल तीनवर सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद जोडली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये लखनौ, तिरुवनंतपुरम, तिरुचिरापल्ली, कोळिकोड आणि अमृतसर. एकूण २१ मोठ्या विमानतळांवर ती नेण्याचा बेत आहे. या पहिल्या तेरा विमानतळांत पुणे नाही, नागपूर नाही, गोव्यातलं दाबोळी किंवा मोपाही नाही. पुण्याहून दुबईला किंवा बँकॉकला थेट जाणाऱ्यांना ही नोंदणी निघताना उपयोगी पडणार नाही. पण पुणेकर बहुतेक लांबच्या प्रवासाला मुंबईच गाठतात, त्यामुळे नोंदणी करून ठेवायला हरकत नाही.

पायरी पहिली: पासपोर्ट हातात घ्या आणि शेवटची तारीख बघा

अर्जाआधी हे करायचं. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी, ही अट आहेच. पण मी म्हणेन वर्ष-दीड वर्षच उरलं असेल तर आधी पासपोर्टचं नूतनीकरण करा, मग अर्ज. कारण ही नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यांतलं जे आधी संपेल तोवरच चालते. आज नोंदणी केली आणि पुढच्या वर्षी पासपोर्ट बदलला, तर हा सगळा खटाटोप पुन्हा करायचा.

अर्ज करू शकतात ते भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक. ओसीआय म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेली आपली माणसं. न्यू जर्सीतला भाऊ दर दोन वर्षांनी गणपतीला येत असेल तर त्यालाही कळवा. मुंबईला उतरल्यावर त्याचा वेळ वाचेल.

नव्या पासपोर्टात चिप असेल (मुखपृष्ठावर छोटं सोनेरी चिन्ह दिसतं), तर 'आता गेट आपोआप उघडेल' असा समज होतो. आपल्याकडे नुसत्या चिपवर गेट उघडत नाही. नोंदणी लागतेच.

पायरी दुसरी: ऑनलाइन अर्ज

गृह मंत्रालयाचं याच नावाचं पोर्टल आहे. शोधताना पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे ना, हे बघूनच पुढे जा. योजना निःशुल्क सुरू झाली आहे, त्यामुळे कुणी 'प्रोसेसिंग फी' म्हणून पैसे मागत असेल तर ते पान तिथेच बंद करा.

मोबाइल आणि ईमेलवर ओटीपी येतो, खातं उघडतं. मग पासपोर्टातली माहिती भरायची, फोटो चढवायचा, पासपोर्टची पानं स्कॅन करून जोडायची. ओसीआयवाल्यांनी कार्डही.

आता या साध्या वाटणाऱ्या टप्प्यावरच अर्ज अडकतात, म्हणून इथे जरा थांबू. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं. आधारवर एक, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं, हा आपला नेहमीचा संसार. अर्जापुरतं पासपोर्ट म्हणेल तेच खरं. लग्नानंतर आडनाव बदललं असेल पण पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर जुनंच नाव. पत्ता बदललेला असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, अलीकडचा, चष्म्यावर चकाकी नसलेला. स्कॅन मोबाइलने काढलात तर पानाच्या कडा कापल्या जाणार नाहीत आणि खालच्या दोन ओळी, ज्यांत नुसती अक्षरं, आकडे आणि बाणासारख्या खुणा असतात, त्या स्पष्ट दिसतील असं बघा. यंत्र पासपोर्ट वाचतं ते त्या दोन ओळींवरूनच.

अर्ज गेल्यावर पडताळणी होते. तिला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नाही. तिकीट पुढच्या आठवड्याचं असेल तर या योजनेच्या भरवशावर निघू नका.

पायरी तिसरी: बोटांचे ठसे आणि चेहरा

पडताळणी झाली की संदेश येतो आणि ठसे व चेहऱ्याचा फोटो द्यायला बोलावलं जातं. हे ठरलेल्या विमानतळांवर किंवा जवळच्या एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयात होतं. मुंबईचं हे कार्यालय सीएसएमटीजवळ, सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे आहे. मला विचाराल तर प्रवास ठरलेला असेल आणि त्याच विमानतळावर सोय असेल, तर त्याच दिवशी तास-दीड तास आधी जाऊन ठसे देणं सोपं. खास त्यासाठी सुट्टी काढायला नको. मात्र मूळ पासपोर्ट आणि आलेला संदेश जवळ हवा.

ठशांबद्दल एक गोष्ट सरकारी पानावर मिळणार नाही. रेशनच्या दुकानात अंगठा न उमटण्याचा अनुभव ज्यांच्या घरी आहे त्यांना ती माहीत आहे. धुणीभांडी, शेती किंवा रसायनांचं काम करणाऱ्यांच्या, आणि वय झालेल्यांच्या बोटांवरच्या रेषा पुसट होतात. थंडीत बोटं कोरडी पडली तरी यंत्र कुरकुर करतं. आदल्या रात्री हातांना थोडं खोबरेल लावा, सकाळी साबणाने धुऊन कोरडे करून जा. लग्नाचा मोसम असेल तर मेंदी बोटांच्या टोकांपर्यंत काढू नका. माझ्या बहिणीची पेरं लाल होती, तिला तीन वेळा बोटं पुसून ठेवायला लावली तेव्हा कुठे हिरवा दिवा लागला.

पायरी चौथी: प्रवासाचा दिवस

चेक-इन करून बोर्डिंग पास घ्या. घरूनच ऑनलाइन चेक-इन केलं असेल तरी परदेशी जाताना बऱ्याचदा कागदपत्रं दाखवायला काउंटरवर जावंच लागतं. तिथे छापील पास मागून घ्या. मग ई-गेटच्या पाट्या शोधा. गेटवर आधी बोर्डिंग पास, मग पासपोर्ट. दोन्ही जुळले की कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, ओळख पटली की पुढचं गेट उघडतं आणि इमिग्रेशन झालं. सरकारचा दावा तीस सेकंदांचा आहे. पासपोर्टचं जाड चामडी कव्हर काढायला विसरलात तर तीस सेकंदांचे दोन मिनिट होतात आणि मागचे लोक सुस्कारे टाकायला लागतात. कव्हर, टोपी, गॉगल, कानातले हेडफोन, सगळं आधीच काढा. गेटमध्ये एका वेळी एकच माणूस.

कुटुंबासोबत निघाला असाल तर एक प्रापंचिक सल्ला. नोंदणी एकट्याची केलीत तर तुम्ही अर्ध्या मिनिटात पलीकडे, आणि आई, बायको, मुलगा पाऊण तास रांगेत. पलीकडच्या बाकावर बसून त्यांच्याकडे बघत राहण्यात काही सुख नाही, आणि नंतर जे ऐकावं लागतं ते वेगळंच. घरातल्या सगळ्या मोठ्यांची नोंदणी एकदमच करा.

परत येतानाही हीच गेटं चालतात आणि येतानाही बोर्डिंग पास लागतो. विमानात पुढच्या खिशात तो कोंबून उठून येणारे खूप. मीही त्यांच्यातलाच होतो. आता पासपोर्टातच ठेवतो.

गेट नसेल, किंवा चाललं नाही तर

यंत्र कधी चेहरा ओळखत नाही, कधी गेट बंद असतं. मग नेहमीचा काउंटर. तिथे वेळ जातो तो अधिकाऱ्याच्या प्रश्नांपेक्षा आपल्या पिशवीत. व्हिसाची छापील प्रत, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता हे हातात ठेवा, मोबाइलमध्ये शोधत बसू नका. अमेरिकेचा व्हिसा जुन्या पासपोर्टात आणि प्रवास नव्या पासपोर्टावर असेल, तर दोन्ही एकत्र द्या. पासपोर्टवर ईसीआरचा (कामासाठी ठरावीक देशांत जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते, असा) शिक्का असेल आणि नोकरीच्या व्हिसावर आखातात जायचं असेल, तर ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवरून ती मंजुरी आधीच घेतलेली हवी. ती नसेल तर बिझनेस क्लासही काही करू शकत नाही. आणि हो, भारतीयांना निघताना भरायचा तो फॉर्म १ जुलै २०१७ पासून बंद झाला आहे. अजूनही काही काका पेन हातात घेऊन तो शोधताना दिसतात.

काउंटर कसा निवडायचा? सर्वांत आखूड रांग बघू नका, तिच्यातली माणसं बघा. चार जणांचं कुटुंब आणि एक तान्हं बाळ असलेली रांग आखूड दिसते, पण हलत नाही. एकेकटे, लॅपटॉपची बॅग पाठीवर घेतलेले प्रवासी दहा असले तरी भराभर सुटतात.

प्रीमियम तिकिटाचा खरा फायदा कुठे आहे?

विमान उतरल्यावर. मोठ्या विमानात तीनशेहून जास्त माणसं असतात आणि दार उघडल्यावर तुम्ही पहिल्या तीसांत बाहेर पडता. इमिग्रेशनच्या दालनात तुम्ही आणि ती सगळी गर्दी यांच्यात दहा मिनिटांचं अंतर असतं. हे दहा मिनिटं म्हणजेच तुम्ही मोजलेल्या पैशांची इमिग्रेशनपुरती किंमत, आणि लोक ती स्वच्छतागृहात, ड्यूटी फ्रीत आणि 'पोचलो गं' म्हणून फोन करण्यात घालवतात. स्वच्छतागृह उतरण्याआधी विमानातच उरका. फोन बॅगेच्या पट्ट्याजवळ उभं राहून करा. दुकानं इमिग्रेशननंतरही असतात. आणि मध्यरात्र ते पहाट या वेळात आखात, युरोप, पूर्व आशिया अशी सगळीकडची विमानं एकापाठोपाठ येतात-जातात. पर्याय असेल तर दिवसाचं विमान घ्या. ही सोय इकॉनॉमीवाल्यांनाही तेवढीच लागू.

पैसे देऊन मिळणाऱ्या 'मीट अँड ग्रीट' सेवेबद्दल: माणूस पाटी घेऊन उभा असतो, बॅग उचलतो, वाट दाखवतो, काही ठिकाणी वेगळ्या रांगेतूनही नेतो. अधिकारी मात्र तुम्हाला तेच प्रश्न विचारतो आणि तोच शिक्का मारतो. एकट्या निघालेल्या सासू-सासऱ्यांसाठी ही सेवा मी डोळे झाकून घेईन. दर महिन्याला फिरणाऱ्या माणसासाठी टीटीपी असताना ती चैन आहे. घेताना एकच प्रश्न विचारा: इमिग्रेशनची रांग वेगळी मिळणार का, आणि ते लेखी द्याल का?

पलीकडची अर्धी बाजू

निघताना तीस सेकंद लागले आणि उतरल्यावर दीड तास, तर काय उपयोग? प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. आपल्या लोकांचं जाणं-येणं जास्त असलेल्या काही ठिकाणांचं सांगतो.

सिंगापूर सगळ्यात सोपं. पोचण्याच्या दिवसासह आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते निःशुल्क आहे. मग तिथल्या चांगी विमानतळावर परदेशी पाहुण्यांनाही स्वयंचलित गेटमधून जाता येतं, आधी नोंदणी लागत नाही. शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहता येईल ते ईमेलवर येतं. व्हिसा मात्र आपल्याला आधी काढावाच लागतो.

थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं केलं. तेही पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, तेही फुकट. पैसे घेणारी हुबेहूब दिसणारी पानं भरपूर आहेत, सावध. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर प्रीमियम प्रवाशांची वेगळी लेन खरोखर आहे. विमान कंपनीकडून तिचं कार्ड मागून घ्या. न मागता दरवेळी मिळेलच असं नाही.

अमेरिकेत ग्लोबल एन्ट्री. आपली टीटीपी याच धर्तीवर बेतलेली आहे. भारतीय नागरिकांना २०१७ पासून अर्ज करता येतो, शुल्क आता १२० डॉलर, मुदत पाच वर्षं. अर्जाला सशर्त मंजुरी मिळाली की मुलाखत अमेरिकेत उतरल्यावर विमानतळावरच देता येते, भारतातून खास जावं लागत नाही. ग्रीन कार्ड असेल तर मोबाइल पासपोर्ट कंट्रोल हे फुकट अ‍ॅपही चालतं. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या भारतीय आई-वडिलांना ते चालत नाही, हे मुलांनी लक्षात ठेवावं. आणखी एक वाट: अबू धाबीमार्गे जा. तिथे २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात चढण्याआधीच होतं आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता. फक्त मधला वेळ दीड तासाचा ठेवू नका, तीन तास तरी हवेत, कारण ती रांगही लांब असू शकते.

युरोपच्या शेंगेन देशांत १२ ऑक्टोबर २०२५ पासून नवी एन्ट्री-एक्झिट व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे. आपण व्हिसासाठी ठसे दिलेलेच असतात, म्हणून सीमेवर साधारण चेहऱ्याचा फोटोच लागतो; तरी पहिल्या खेपेला नोंद करण्यात वेळ जातो. पॅरिस किंवा फ्रँकफर्टला पुढचं विमान पकडायचं असेल तर हा वेळ हिशेबात धरा.

ब्रिटनमध्ये ई-गेट दिसतात, पण भारतीय पासपोर्टला ती उघडत नाहीत. तिथे शिकणाऱ्या मुलांनी पासपोर्ट नवा केला असेल तर ई-व्हिसाच्या खात्यात नवा क्रमांक जोडूनच निघावं. नाहीतर अडचण तिकडच्या काउंटरवर येण्याआधी इथल्याच चेक-इनला येते.

आणि जे परदेशात राहतात त्यांच्यासाठी खास. गेटमधून गेलात की समोर शिक्का मारणारा माणूस नसतो. आयकरासाठी भारतात किती दिवस राहिलो याचा हिशेब, तो १८२ दिवसांचा, अनेक जण पासपोर्टावरचे शिक्के मोजूनच करतात. गेट वापरायला लागलात की दर खेपेचा बोर्डिंग पास आणि तिकिटाची ईमेल एका फोल्डरमध्ये टाकायला सुरुवात करा. जुलैमध्ये सीए मागेल.